चकतीचा खेळ आणि पोटाचा प्रश्न

खेळाने शरीर बळकट होते व मन प्रसन्न राहते, इतके सर्व पालकांस मान्य आहे. परंतु एखाद्या मुलाने "मोठेपणी मी खेळाडूच होणार" असे म्हटले, की घरात क्षणभर शांतता पसरते आणि वडील मंडळींपैकी कोणीतरी तो ठरलेला प्रश्न विचारते: "त्याने पोट भरेल काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलांस तो जाचक वाटतो हे खरे. पण ज्यांनी घर चालविले आहे त्यांनीच तो विचारावा हेही तितकेच स्वाभाविक आहे. ह्या लेखात आम्ही त्या प्रश्नाचा विचार एका उदाहरणावरून करू इच्छितो. क्रिकेटचे अथवा टेनिसचे उदाहरण घेतले असते तर काम सोपे झाले असते. कारण त्या खेळांत पैसा आहे हे सर्वांस ठाऊकच आहे. आम्ही मुद्दाम असा खेळ निवडला आहे, की जो १९७० पूर्वी नियमबद्ध रूपात जवळजवळ नव्हताच, ज्यात पुढेही कित्येक वर्षे पैशाचे नाव नव्हते, आणि ज्यातील एका खेळाडूशी २०२१ साली एका कारखान्याने १ कोटी डॉलरचा करार केला. हा खेळ अमेरिकेत जन्मास आला. त्याचे नाव डिस्क गोल्फ, आणि त्या खेळाडूचे नाव पॉल मॅक्बेथ.

प्रथम खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवून दूरच्या खड्ड्यात घालावयाचा असतो, हे वाचकांनी ऐकले असेल. येथे काठी नाही, चेंडू नाही व खड्डाही नाही. खेळाडूच्या हाती थाळीसारखी एक प्लॅस्टिकची चकती असते. ती सुमारे एकवीस सेंटिमीटर रुंद व बहुधा १५० ते १८० ग्रॅम वजनाची असते. लक्ष्य म्हणून एका लोखंडी खांबावर टोपली बसविलेली असते, आणि टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो व ती टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करावयाची, चकती जेथे पडेल तेथून दुसरी, आणि याप्रमाणे ती टोपलीत जाईपर्यंत फेकी मोजावयाच्या. अशी अठरा लक्ष्ये झाली म्हणजे एक फेरी पुरी होते. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. टोपलीचे स्थान झाडीत, उतारावर, तळ्याच्या काठी, कोठेही असू शकते. चकती पाण्यात अथवा आखलेल्या सीमेबाहेर गेली तर एक फेक दंड. बहुतेक मैदाने सार्वजनिक बागांतून असून त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी खेळण्यास पैसे पडत नाहीत. चकतीची किंमत दहा-वीस डॉलरच्या आसपास. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ मानला जातो. त्याचे हे धाकटे भावंड गरिबाच्या घरी वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

चकती फेकण्याचा नाद अमेरिकेत जुना आहे. कनेक्टिकट संस्थानातील ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या माणसाचा पाय नावाच्या गोड पदार्थाचा कारखाना होता. त्याच्या पत्र्याच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत असत, आणि त्याच नावावरून 'फ्रिस्बी' हा शब्द रूढ झाला. प्लॅस्टिकची चकती फ्रेड मॉरिसन ह्यांनी बनविली व १९५७ साली व्हॅम-ओ ह्या खेळण्यांच्या कंपनीने ती बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ आले. त्यांनी चकतीच्या पाठीवर बारीक गोल कंगोरे घातले. त्यामुळे ती हवेत कमी डळमळू लागली, व १९६७ साली त्यांस त्याचे पेटंट मिळाले. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले. आरंभी तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबास लागली की नाही, यावरून वाद होऊ लागले, तेव्हा साखळ्यांची टोपली निघाली. वाद मिटविण्यासाठी निघालेली ही युक्तीच पुढे ह्या खेळाची खूण होऊन बसली. साखळ्यांचा तो खळ्ळ असा आवाज ऐकण्यासाठी लोक मैलोगणती चालतात! १९७६ साली हेड्रिक ह्यांनी धंदेवाईक खेळाडूंची संघटना स्थापिली. २००२ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या रक्षेचा अंश प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतण्यात आल्या.

आता चकतीच्या गतीविषयी थोडे. जे विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकत आहेत त्यांस हा भाग विशेष रुचेल. इतरांनीही कंटाळू नये, कारण ह्या खेळाडूचे सारे भांडवल येथेच आहे. भोवरा जोराने फिरत असता त्यास बोटाने एका बाजूस ढकलून पाहावे. तो त्या बाजूस न कलता काटकोनातल्या बाजूस कलतो. चकती हा हवेत फेकलेला भोवराच होय. उजव्या हाताने, हात छातीपुढून ओढून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. ती अतिवेगाने जात असता हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या किंचित मागे पडतो व तिचे नाक खाली दाबू पाहतो. परंतु भोवऱ्याच्या न्यायाने ती नाक न दाबता उजवीकडे कलते. वेग मंदावला म्हणजे तो जोर मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर उचलू पाहतो, आणि चकती डावीकडे ढळते. म्हणून लांबची फेक सरळ रेषेत जात नाही. ती आधी थोडी उजवीकडे व अखेरीस डावीकडे, अशी सर्पाकार जाते. कडेची जाडी व उतार बदलला की हे वळणही बदलते. १९८३ च्या सुमारास डेव्ह ड्युनिपेस ह्यांनी कडेस धारेसारखा उतार दिला. तेव्हापासून लांब फेकीची चकती वेगळी व टोपलीत टाकावयाची बोथट कडेची चकती वेगळी, असे भेद पडले. इनोव्हा कंपनीच्या चकतीवर वेग, तरंगणे, वळण व शेवटचे ढळणे असे चार आकडे छापलेले असतात. लांबीच्या दृष्टीने पाहिले तर २०१६ साली नेव्हाडात, वाऱ्याच्या साहाय्याने, डेव्हिड विगिन्स ह्याने टाकलेली चकती ३३८ मीटर गेली. पण स्पर्धेत अशा राक्षसी फेकीचा उपयोग क्वचितच होतो. तेथे दोन झाडांमधील हातभर फटीतून चकती काढून तिला पुढे योग्य त्या पावलावर वळविणे, हीच विद्या.

ह्यातून एक मजेदार गोष्ट निघते. खेळाडूच्या पिशवीत वीस-पंचवीस चकत्या असतात, आणि त्यांत कित्येक एकाच साच्याच्या असतात! बाहेरच्यास ह्याचा अर्थ कळत नाही. कारण असे, की चकती झाडांवर व दगडांवर आपटून झिजते, आणि झिजली की तिचे वळण बदलते. नवी चकती डावीकडे ओढ घेते, वर्षाची जुनी सरळ जाते, फार जुनी उजवीकडे फिरते. जाणता खेळाडू तिन्ही जपून ठेवतो. गवयास जसा आपला जुना तंबोरा, लेखनिकास जशी आपली झिजलेली बोरूची लेखणी, तशी त्यास ती जुनी चकती. तळ्यात बुडाली तर दुकानातून तशीच दुसरी आणता येत नाही; ती झिजवावीच लागते.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. ह्या खेळात हौशी व धंदेवाईक असे दोन वर्ग आहेत. हौशी खेळाडूस जिंकल्यावर वस्तुरूप बक्षीस मिळते. ज्याने रोख रक्कम स्वीकारली तो धंदेवाईक झाला. वाक्य छोटे आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. कालपर्यंत गावातील हौशी स्पर्धांत पहिला येणारा मुलगा रोख रकमेस हात लावताच देशातील उत्तमोत्तमांच्या रांगेत शेवटचा होतो. प्रवेशशुल्क त्यास स्वतः भरावे लागते, आणि बक्षिसाच्या रकमेत बरेचदा सर्व खेळाडूंच्या शुल्काचाच भाग असतो. वरच्या क्रमांकाचे काही जण पैसे घेऊन जातात. उरलेले शुल्क, प्रवासखर्च व चार दिवसांची मेहनत देऊन रित्या हाताने परततात. फेब्रुवारी-मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत स्पर्धांचा हंगाम चालतो. ह्या आठवड्यात टेक्सास, पुढच्यात कॅन्सस, मग कॅलिफोर्निया. खानावळ व विश्रामगृह परवडत नाही म्हणून कित्येक तरुण मोटारगाडीतच निजतात व तीतच स्वयंपाक करतात. ह्या वर्गास भटके म्हणावे की खेळाडू, असा प्रश्न पडावा अशी ही राहणी!

जुन्या पिढीतील केन क्लायमो ह्याचे उदाहरण ह्या संबंधात डोळ्यांपुढे ठेवावे. फ्लोरिडातील क्लिअरवॉटरच्या ह्या खेळाडूने १९९० पासून १९९८ पर्यंत ओळीने नऊ वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि पुढे २०००, २००२ व २००६ मध्ये आणखी तीनदा, एकूण बारा. कोणत्याही खेळात ओळीने नऊ वर्षे जगात पहिला राहणारा मनुष्य किती वेळा सापडेल? तरीसुद्धा क्लायमोचे नाव त्या खेळाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास माहीत नव्हते. वर्तमानपत्रांनी दखल घ्यावी असा तो खेळच नव्हता. तो मॅक्बेथहून गुणाने कमी होता असे कोणी म्हणत नाही. तो केवळ बावीस वर्षे आधी जन्मास आला होता, एवढेच. गुण खेळाडूचा, पण मोबदला काळाचा, ही गोष्ट मुलांनी व पालकांनी दोघांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

पॉल मॅक्बेथचा जन्म ९ जुलै १९९० रोजी कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीच ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. योगायोग असा, की ह्याच गावी १९७९ साली व्हॅम-ओ कंपनीने ५०,००० डॉलर बक्षिसाची चकतीची मोठी स्पर्धा भरविली होती. त्या वेळी अनेकांस वाटले की आता ह्या खेळास सुगीचे दिवस आले. ते आले नाहीत. पुढची कित्येक वर्षे खेळ पुन्हा बागांच्या झाडीत दडून राहिला. मॅक्बेथने अठराव्या वर्षाच्या सुमारास धंदेवाईक होण्याचे ठरविले तेव्हा त्याच्यापुढे श्रीमंत झालेल्या एकाही खेळाडूचे उदाहरण नव्हते. बाविसाव्या वर्षी, २०१२ साली, शार्लट येथे त्याने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. मग २०१३, २०१४ आणि २०१५. त्या शेवटच्या वर्षी तर 'मेजर' म्हणून गणल्या जाणाऱ्या सर्वच्या सर्व स्पर्धा त्याने जिंकल्या.

त्याचा खेळ इतरांहून वेगळा कशात होता? खेळाडूंचे बळ मोजण्याची एक पद्धत संघटनेने ठरविली आहे. हजार गुण म्हणजे निष्णात खेळाडू. आणि ढोबळ मानाने दहा गुण म्हणजे एका फेरीत एक फेक. मॅक्बेथचे गुण त्याच्या भरात १०५० च्या वर होते. म्हणजे निष्णात म्हणविणाऱ्या खेळाडूसही तो प्रत्येक फेरीत पाच फेकींनी मागे टाकी. २०१८ साली मिशिगनमधील एका स्पर्धेत अठरा लक्ष्यांच्या एका फेरीत त्याने अपेक्षित संख्येहून अठरा फेकी कमी घेतल्या. जाणकार सांगतात, की सर्वांत लांब फेकणारा तो नव्हे. त्याचे बळ शेवटच्या दहा मीटरांत होते. टोपलीभोवती दहा मीटरांचे वर्तुळ मानलेले असते. त्याच्या आत फेक केल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. घरच्या अंगणात दहा मीटरांवरून टोपलीत चकती टाकणे कठीण नाही. चार दिवस खेळून, पाय थकलेले असता, वारा अंगावर येत असता, शेकडो लोक श्वास रोखून पाहत असता ती टाकणे कठीण. त्यासाठी एकाच जागी उभे राहून रोज शेकडो चकत्या टाकण्याचा कंटाळवाणा अभ्यास लागतो. खेळाच्या ह्या भागात खेळकरपणा मुळीच नाही, हे मुलांस सांगितलेले बरे.

२०१६ साली कॅन्ससमधील एम्पोरिया ह्या लहानशा गावी रिकी वायसॉकी ह्याने मॅक्बेथच्या विजयांची मालिका तोडली, आणि पुढच्या वर्षीही अजिंक्यपद राखले. २०१८ साली ते ग्रेग बार्सबीकडे गेले. मॅक्बेथ अजून पहिल्या दोघा-चौघांत होता, पण जगज्जेता नव्हता. आणि नेमक्या ह्याच वेळी त्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा निर्णय घेतला. आतापर्यंतचे सर्व विजय त्याने इनोव्हाच्या चकत्यांनी मिळविले होते. २०१९ च्या आरंभी तो मिशिगनच्या डिस्क्राफ्ट कंपनीकडे गेला. करार चार वर्षांचा व १० लाख डॉलरचा होता. ह्या खेळात तोपर्यंत असा आकडा कोणी ऐकला नव्हता. परंतु करारबद्ध खेळाडूने त्याच कंपनीच्या चकत्या फेकावयाच्या, असा ह्या धंद्याचा नियम असतो. वर जुन्या चकत्यांविषयी आम्ही जे लिहिले ते वाचकांनी येथे आठवावे. दहा वर्षांत झिजवून, जपून, हाताच्या रेषांप्रमाणे ओळखीची झालेली ती सगळी पिशवी बाजूस ठेवावयाची, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नव्या प्लॅस्टिकशी पुन्हा ओळख करून घ्यावयाची! लोक म्हणाले, पैशासाठी ह्याने आपला खेळ विकला. काहींनी त्याची कारकीर्द संपल्याचेही सांगून टाकले. कंपनीने त्याच्या हातास मानवतील अशा चकत्या नव्याने घडविल्या. त्यांस लुना, झ्यूस, हेडिस अशी पुराणांतील नावे ठेवली. त्याच वर्षी पिओरिया येथे त्याच नव्या चकत्यांनी मॅक्बेथने पाचवे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

एखादी कंपनी एका चकती फेकणाऱ्यास एवढा पैसा का देते, असा प्रश्न व्यवहारी पालकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. ह्याचे उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोडे घरी जाऊन बॅट विकत घेतात. डिस्क गोल्फ पाहणारा मनुष्य मात्र बहुधा स्वतःच खेळणारा असतो. यूट्यूबवर मॅक्बेथने एखादी चकती फेकून दाखविली, की दुसऱ्या दिवशी तीच चकती, त्याचे नाव छापलेली, ह्याच्याही पिशवीत पाहिजे असते. आणि ती हरवते, झिजते, म्हणून पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे हे वेतन दिसावयास विजयाबद्दलचे असले, तरी मिळते ते विक्रीतून. २०२० साली महामारीमुळे व्यायामशाळा व क्रीडागृहे बंद पडली. उघड्या हवेत, एकमेकांपासून अंतर ठेवून खेळता येणारा हा खेळ मात्र चालू राहिला, आणि नवीन खेळाडूंची अशी रीघ लागली की कारखान्यांस चकत्या पुरविता येईनात. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्क्राफ्टने जुना करार संपण्याची वाटही न पाहता मॅक्बेथशी नवा करार जाहीर केला. मुदत दहा वर्षे, रक्कम १ कोटी डॉलर. ज्या महामारीने जगातील असंख्य लोकांची भाकरी हिरावली तिनेच ह्या एका खेळाचे भाग्य उघडावे, ही दैवाची विचित्र गती होय. ह्यात मॅक्बेथचे कौशल्य किती व काळाचा हात किती, हे ज्याने त्याने ठरवावे. क्लायमोचे स्मरण आम्हांस येथे पुन्हा होते.

करार झाला, आणि चारच महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, युटा संस्थानातील ऑग्डेन येथे जागतिक स्पर्धा भरली. शेवटच्या दिवशी शेवटचे लक्ष्य उरले असता मॅक्बेथ एका फेकीने पुढे होता. त्याच्या मागे जेम्स कॉनराड हा होता. कॉनराडची चकती टोपलीपासून २४७ फुटांवर, म्हणजे सुमारे ७५ मीटरांवर पडली होती. तेथून ती एका फेकीत टोपलीत गेली तरच बरोबरी; एरवी सामना संपला. इतक्या अंतरावरून टोपलीत टाकण्याचा प्रयत्न कोणी भरवशाने करीत नाही. जवळ नेऊन ठेवली तरी पुष्कळ. कॉनराडने टोपलीत टाकावयाची बोथट चकती हाती घेतली व फेकली. ती साखळ्यांवर गेली आणि खाली पडली ती टोपलीतच. प्रेक्षकांतून जो गजर उठला तो चित्रफितीतूनही अंगावर काटा आणतो. बरोबरी सोडविण्यासाठी जो जादा खेळ झाला त्यात कॉनराड जिंकला. जगातील सर्वांत महागडा खेळाडू दुसरा आला! त्याने काहीच चुकीचे केले नव्हते. ज्या धंद्यात आपण सर्व काही यथायोग्य केल्यावरही पाऊणशे मीटरांवरून कोणी आपल्या हातचे घेऊन जाऊ शकतो, त्या धंद्यात मुलाने जावे की न जावे, ह्याचा विचार करताना कराराचा आकडा व हा प्रसंग दोन्ही शेजारी शेजारी ठेवावे.

शरीराचीही गोष्ट आहे. एकाच बाजूने वर्षानुवर्षे झटका देऊन फेकल्याने कोपर, खांदा, गुडघा व पाठ दुखावतात. वायसॉकी ह्यास तर लाइम नावाचा रोग जडला. हा रोग गोचीड चावल्याने होतो, आणि ज्यांचा दिवस गवतात व झाडीत जातो त्यांस त्याचे भय अधिक. जगज्जेत्यालाही अंथरुणावर पडून राहावे लागले. खेळाडूस रजा नाही व निवृत्तिवेतन नाही. हंगाम बुडाला म्हणजे बुडाला.

मुलींविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. टेक्सासची पेज पिअर्स हिने २०११, २०१३, २०१५, २०१७ व २०१९ अशी पाच जागतिक अजिंक्यपदे मिळविली. विषम सालच तिला का मानवते, ह्याचे कोडे कोणास उलगडले नाही. एस्टोनियाची क्रिस्टिन टाटार ही पूर्वी बर्फावर घसरपट्ट्यांनी शर्यती करीत असे. ती ह्या खेळाकडे वळली आणि २०२२ व २०२३ ही दोन्ही वर्षे जगात पहिली आली. एस्टोनिया व फिनलंड हे देश थंड, लोकवस्ती विरळ, झाडी दाट. तेथे हा खेळ असा रुजला आहे की गावोगाव टोपल्या उभ्या आहेत. जगभर मिळून मैदानांची संख्या पंधरा हजारांच्या वर गेली आहे. तरीही ज्यांचे घर केवळ ह्या खेळावर चालते असे खेळाडू हाताच्या बोटांवर नसले तरी फार नाहीत. उरलेल्यांपैकी कोणी शिकवितात, कोणी चकत्यांचे दुकान चालवितात, कोणी मैदाने आखून देतात, कोणी हंगाम संपताच दुसरी नोकरी धरतात. ह्यांपैकी मैदान आखण्याचा व्यवसाय आम्हांस सर्वांत चांगला वाटतो. त्यात झाडाची, उताराची, वाऱ्याची व माणसाच्या स्वभावाची पारख लागते, आणि म्हातारपणीही तो करता येतो. मॅक्बेथनेही २०२० साली स्वतःच्या नावे एक संस्था काढली असून जेथे लोकांस हा खेळ परवडत नाही तेथे मैदाने उभारून देण्याचे काम ती करते.

ऑग्डेनच्या पराभवानंतर पुढच्या वर्षीची जागतिक स्पर्धा एम्पोरिया येथे झाली; २०१६ साली ज्या गावी मॅक्बेथची मालिका तुटली तेच हे गाव. कॅन्ससच्या सपाट गवताळ प्रदेशात वाऱ्यास अडविणारे काही नाही. चकतीस तेथे दोन प्रतिस्पर्धी, एक माणूस व दुसरा वारा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत कोणासच निर्णायक आघाडी मिळाली नाही, आणि अखेरीस मॅक्बेथ व एरन गॉसेज ह्या दोघांच्या फेकी समान झाल्या. एक वर्षापूर्वी ज्या जादा खेळात तो हरला होता तसल्याच खेळास त्यास पुन्हा उभे राहावे लागले. ह्या वेळी तो जिंकला. हे त्याचे सहावे जागतिक अजिंक्यपद, क्लायमोच्या बाराचे बरोबर निम्मे. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी, २०२३ व २०२४ मध्ये, अजिंक्यपद आयझॅक रॉबिन्सन नावाच्या तरुणाने नेले. मॅक्बेथचा करार २०३१ साली संपावयाचा आहे. त्या वर्षी तो एक्केचाळीस वर्षांचा होईल. क्लायमोने आपले बारावे अजिंक्यपद जिंकले तेव्हा त्याचे वय अडतीस होते.